फेबियनचा एक्का

फेबियनची शवपेटी मिटायला तासभर राहिला होता आणि माझ्या खिशात त्याचा इस्पिकचा एक्का होता. सांगू कुणाला?

आमच्या सांडोर गावात मयत एकटं ठेवत नाहीत. बाया आत जपमाळ ओढत रोझरी म्हणतात, पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात, कोडी घालतात. मयताच्या नावानेही पत्ते वाटतात. माणूस रडून रडून किती रडणार? त्यात फेबियनचा पोरगा पुण्याहून यायचा होता, म्हणून सगळे खोळंबलेले.

"ऑगस्टीन, बस की रे!" लुईस फेबियनचाच कॅट पिसत म्हणाला.

मी बसलो, उठलो, विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. बूड टेकेना.

एकोणपन्नासच्या नाताळात याच ओट्यावर रमी खेळताना एक्का हरवला. चार माणसांत मी फेबियनला चोर म्हणालो. तीस वर्षांची दोस्ती तिथंच तुटली. ईस्टरला तोच नाताळातला कोट बाहेर काढला, तर खिसा फाटका आणि अस्तरात एक्का! चूक माझीच. पण सांगायला जीभ रेटेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं घालवली. मेली ही लाज!

पोरगा आला. आत हंबरडा फुटला. सुतार झाकण घेऊन पुढे झाला, तसा मी माणसं ढकलत पेटीपाशी गेलो.

"थांबा! फेबियन चोर नव्हता. एक्का माझ्याकडेच होता!" मी तो त्याच्या हातातल्या जपमाळेखाली सारू लागलो.

त्याच्या बायकोने, मार्था वहिनींनी, माझं मनगट धरलं.

"तिथं नको, भावजी. त्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"चर्चमध्ये ईस्टरच्या मिसाला त्यांना बघून तुम्ही मान खाली घातलीत. घरी येऊन हसत म्हणाले, 'ऑगस्टीनला एक्का सापडला गं. आता येईल. आला की काही बोलू नकोस, चहा टाक.' रोज संध्याकाळी एक्कावन्न पत्ते घेऊन ओट्यावर बसायचे हो. परवासुद्धा बसले."

मी कसाबसा बाहेर आलो. फेबियनच्या नावाचे पत्ते पालथे पडले होते. त्यांत एक्का ठेवला आणि तिथंच बसून ढसाढसा रडलो.

पेटी अंगणात आली. लुईसने दंडाला धरून मला उठवलं.

"रडतोस काय? खांदा दे. निदान इथं तरी उशीर करू नकोस."