उतारावरचा फोन

आमच्या घरात फोन पाण्यासारखा उतारावरून खाली येतो. ह्यांनी नवा घेतला की ह्यांचा जुना माझ्याकडे आणि माझा सासूबाईंकडे. त्यांच्या हातात पोचेपर्यंत त्याची बॅटरी दुपारीच मान टाकायला लागलेली असते.

यंदा कंपनीने करार संपायच्या आत फोन बदलण्याची फी वाढवली. हे दुकानातून तोंड पाडून परतले. "लुटायला बसलेत," म्हणाले. "मुदत संपेपर्यंत आता सगळ्यांनीच कळ काढायची."

ह्यांचा फोन तर झकास चालत होता. मला त्या 'सगळ्यांनी'चाच राग आला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ही फी कुणाला रे?"

"करार चालू असेल त्याला."

"आणि ज्याचा करारच नाही त्याला?"

"त्याला कशाची फी? नव्या गिऱ्हाइकाला तर पायघड्या घालतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई एक खोकं घेऊन आल्या. ह्यांना हवा होता तोच फोन. करार स्वतःच्या नावावर, हप्ता स्वतःच्या पेन्शनमधून.

हे बघतच राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, "आई, तुला एवढा कशाला? झेपणार आहे का तुला?"

सासूबाईंनी खोक्यावरचं प्लास्टिक सावकाश सोललं.

"आधी मी वापरते," त्या म्हणाल्या. "मग सूनबाई वापरेल. त्यानंतर तुलाच मिळणार आहे, कळ काढ."