शनिवारी काढायची पट्टी

आमच्या लेकीने मला विसरभोळी ठरवून टाकलंय. हॉस्पिटलच्या कागदावरही तेच लिहिलंय, की रुग्ण पंपाचा सेट बदलायला विसरल्या. मी ते वाचलं आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

इन्सुलिनचा पंप अकरा वर्षं माझ्या कमरेला होता. आता त्याला तीन महिने सुट्टी आहे आणि मी पुन्हा इंजेक्शनच्या पेनांवर आले आहे. राखाडी पेन सकाळी एकदा, ते दिवसभर पुरतं. केशरी पेन प्रत्येक जेवणाआधी. पंपाची नळी दाराच्या कडीत अडकायची तेव्हा मी त्याला शिव्या घालायचे. आता कडीजवळून जाताना हात आपोआप कमरेशी जातो आणि तिथे काही नसतं.

मी हॉस्पिटलातून घरी आल्यापासून, म्हणजे आठ दिवस, लेक इथे आहे. स्वयंपाकघरात माझ्यासमोर खुर्ची टाकून बसते, परीक्षेला सुपरवायझर बसतात तशी.

"किती लावलंस?"

"सोळा."

"टोचायच्या आधी दाखव."

मी पेनाची खिडकी तिच्या नाकासमोर धरते. ती आकडा वाचते, मान हलवते, मग मी पोटाची चिमूट धरून सुई टोचते. ही पोरगी पाच वर्षांची होती तेव्हा मी तिच्या बुटांची नाडी अशीच तपासायचे. तिने ठरवलंय की मला एकटीला ठेवायचं नाही. तिच्या घरची मागची खोली रिकामी केली आहे, आणि सोमवारी या घराला कुलूप लागणार आहे. हे घर, ह्यांची शिलाई मशीन, खिडकीतली ती त्यांनी शिवलेली खुर्ची, सगळं बंद. मला जायचं नाही. पण विसरभोळ्या बाईला कोण विचारतं?

विसरले नव्हते मी.

आमचे हे गादीकाम करायचे. सोफे, खुर्च्या, मोटारींच्या सीटा. बोटं अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात शिरायची नाहीत. पण पंपाचा सेट, म्हणजे कातडीत राहणारी बारीक सुई आणि तिच्यावरची चिकट पट्टी, मला कमरेच्या मागे लावायचा असायचा, पोटाची कातडी जुन्या सुयांनी टणक झाली होती, आणि मागे माझा हात पुरायचा नाही. म्हणून दर तिसऱ्या दिवशी हे लावायचे. आधी हात धुवायचे, मग तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे आणि म्हणायचे, "खुर्ची, हलू नकोस." मी म्हणायचे, "खुर्चीला आधी विचारत जा." अकरा वर्षं हाच विनोद चालला. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

दुकानात कामाला घेतलेल्या प्रत्येक खुर्चीवर हे कापडी पट्टी चिकटवून त्यावर वार लिहायचे, ज्या दिवशी गिऱ्हाइकाला द्यायची तो वार. तीच खोड माझ्या कमरेवर आली. सेटच्या चिकट पट्टीवर पेनाने वार लिहायचे, ज्या दिवशी काढायची तो. माझी चिडचिड व्हायची. मी काय डिलिव्हरीचा माल आहे?

त्या बुधवारी त्यांनी पट्टीवर 'शनि' लिहिलं. गुरुवारी दुपारी दुकानात, हातातली कात्री खाली ठेवून, जरा बसतो म्हणाले आणि गेले.

शनिवारी घर माणसांनी भरलं होतं. पंप ओरडला, सेट बदला. मी बटण दाबून त्याला गप्प केलं. मग न्हाणीघरात जाऊन मागच्या मोठ्या आरशाकडे पाठ केली आणि हातात छोटा आरसा धरला. एका आरशात अक्षरं उलटी दिसतात, दोन आरशांत सरळ. 'शनि'. वेलांटी नेहमीसारखी लांब, पट्टीच्या बाहेर जाऊन माझ्या कातडीवर टेकलेली.

मग मी रोज बघायला लागले. इन्सुलिन संपलं तेव्हा नवं भरलं, नळीही बदलली, फक्त ती पट्टी तेवढी ठेवली. कडा सुटल्या तेव्हा वरून दुसरी चिकटपट्टी लावली, अक्षरं झाकली जाणार नाहीत अशी. सोमवारी तिथे दुखायला लागलं. मंगळवारी साखर उतरेना. बुधवारी उलट्या झाल्या आणि शेजारणीने मला गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये सिस्टरने चिमट्याने पट्टी ओढली. खाली गळू झालं होतं. तिने पट्टी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं. ती द्या, असं मी म्हणणार होते. पण पुवाने भरलेली पट्टी मागणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, असा विचार करत राहिले आणि पिशवी गेली. आयुष्यात एकदाच लोकांचा विचार केला, तोही नको तिथे.

आज दुपारी लेक माझी बॅग भरत होती. कपाटात नव्या सेटचा डबा निघाला, जवळजवळ भरलेला. तो मांडीवर घेऊन ती पलंगावर बसून राहिली.

"आई, डॉक्टरांनी मला पंपाची नोंद दाखवली होती. सेट बदलायची आठवण तू चौदा वेळा बंद केलीस."

मी हातातल्या साडीची घडी घालत राहिले.

"चौदा वेळा कुणी विसरत नाही." तिचा आवाज फाटला. "मीच डॉक्टरांना 'विसरली' असं लिहायला सांगितलं. खरं सांग. तुला जगायचं नव्हतं का? बाबा गेले म्हणून?"

म्हणजे ती आठ दिवस पेनाची खिडकी का बघत होती, ते मला आता कळलं. तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, वार, दोन आरसे, पिवळी पिशवी. सांगताना मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. आता ही रागावणार, असं मी धरून चालले.

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"मी त्या शनिवारी इथेच होते आई," ती म्हणाली. "रविवारीपण. रात्री निघेपर्यंत बाहेरच्या खोलीत. मला का नाही दाखवलंस?"

ती अक्षरं माझ्या अंगावर होती म्हणून ती माझीच, असं मी धरलं होतं. तिचाही बाप गेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विसरले असेन तर मी एवढंच विसरले.

"कुठे होतं?" तिने विचारलं.

मी पाठ केली आणि पदर बाजूला घेतला. तिथे आता जांभळा डाग आहे. त्या जागी पुन्हा सुई लावायची नाही, असं डॉक्टर म्हणालेत. तिने डागावर बोट ठेवलं. बोट गार होतं. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता आणि ती रडते आहे हे मला न बघता कळत होतं.

जेवायची वेळ झाली होती. मी केशरी पेन घेतलं, आठ युनिटं लावली आणि सवयीने खिडकी तिच्यापुढे धरली.

तिने बघितलं नाही.

"घे तू," ती म्हणाली, आणि बॅगेतले माझे कपडे काढून परत कपाटात ठेवायला लागली.