वाकडी पाकळी

मालकांनी कापडाचे दोन तुकडे काकूंपुढे टेबलावर टाकले.

"सांगा, यातला आपला कुठला?"

काकूंनी रुमालाने चष्मा पुसला. दोन्ही तुकड्यांवर सात पाकळ्यांचं तेच फूल होतं, त्यांनी तीन आठवडे खपून काढलेलं. मालकांच्या भरतकामाच्या कारखान्यातून या नक्षीचं एक वीतभर कापडही अजून बाहेर पडलेलं नव्हतं. तरी दुसरा तुकडा मालक आज सकाळीच पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून विकत घेऊन आले होते.

"दुकानदार म्हणतो, नक्षी इंटरनेटवर कुणीतरी विकतंय. दोन महिन्यांत ही तिसरी गेली. कॉम्प्युटरवर नक्षी काढता तुम्ही. यंत्राला लावायचा पेन ड्राइव्ह तुमच्या गळ्यात. मग मी विचारायचं तरी कुणाला?"

रिळं लावत बसलेल्या चौघीजणींचे हात थांबले. कालपर्यंत उठताबसता काकूंचा सल्ला घेणाऱ्या त्या चौघी आता आपापल्या दोऱ्यांत डोकं खुपसून बसल्या. घर फिरलं की वासेही फिरतात, दुसरं काय!

"बावीस वर्षं झाली, मालक. तुमच्या वडिलांनी मला ठेवलं तेव्हा तुम्ही शाळेत जात होता."

"म्हणून तर बोभाटा करत नाही. आजचा दिवस भरा. उद्यापासून येऊ नका."

चोर म्हणून बाहेर पडलेल्या बाईला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही, हे काकू पक्कं जाणून होत्या. डोळे भरून आले, तेव्हा ते लपवायला त्यांनी भिंग उचललं आणि दुकानातल्या तुकड्यावर धरलं. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. आणि त्या चक्क मोठ्याने हसल्या.

"हसताय काय?" मालक भडकले.

"चौथी पाकळी बघा. वाकडी आहे. आता आपल्या तुकड्यावरची बघा."

आपल्या तुकड्यावरची पाकळी सरळ होती.

"कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक नक्षीत मी एक पाकळी मुद्दाम वाकडी ठेवते. ती सरळ करायला नक्षी पुन्हा एकदा उघडावीच लागते, मग बाकीच्या चुकाही हाती लागतात. सरळ केलेली नक्षी फक्त या पेन ड्राइव्हवर जाते. चोराने नेलंय ते कॉम्प्युटरमधलं, वाकडं. मी नेलं असतं तर सरळ करून दिलं असतं. वाकडं काम मी चोरीतसुद्धा देणार नाही!"

चौघींतली एक फिस्सकन हसली. मालक एकदा पाकळीकडे बघत, एकदा काकूंकडे.

"मग गेली कशी?"

"ते त्यालाच विचारा," काकूंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

मालकांची मेहुणी एका रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळत असे. ती तासाभरात हजर झाली. आल्या आल्या तिने इंटरनेटची वायर उपटली.

"आधी याचं बाहेरचं बोलणं बंद."

मग स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून तिने कॉम्प्युटर चालू केला, आत जे कोण असेल त्याला जाग यायला नको म्हणून. पाऊण तास ती याद्या चाळत होती. काकू शेजारी स्टुलावर बसून होत्या, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा.

"सापडला!" मेहुणी म्हणाली. "नाव बघा, कॉम्प्युटरच्या घरचं वाटतं. पण हा घरचा नाही. बॅकडोअर म्हणतात याला, चोरदरवाजा. कॉम्प्युटर सुरू झाला की हा गुपचूप उठतो आणि बाहेरच्या माणसाला आत घेतो. तो फायली बघतो, नेतो, आपल्याला पत्ता नाही."

तिने तो काढून टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चोरदरवाजा परत जागेवर हजर.

"चिवट आहे मेला! याला परत बसवणारा दुसरा कुठेतरी दडलाय. आता शोधत बसण्यात अर्थ नाही. सगळं पुसायचं आणि नव्याने बसवायचं. भाऊजी, नक्ष्यांची दुसरी प्रत कुठे आहे?"

मालक कपाळ पुसू लागले.

"प्रत... राहूनच गेली. आज करू, उद्या करू."

"म्हणजे बावीस वर्षांचं काम पुसायचं?"

काकू उठल्या. कपाटातून त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर उघडला. आत पेन ड्राइव्हच पेन ड्राइव्ह, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला.

"जुन्या सीड्यांवरच्यासुद्धा यात उतरवून घेतल्यात," त्या म्हणाल्या. "एकूण एक नक्षी आहे. पाकळ्या सरळ केलेल्या."

"काकू, जिंकलंत!" मेहुणी ओरडली आणि चौघीजणींनी काम सोडून टाळ्या वाजवल्या.

मेहुणीने एकेक पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपवर तपासला, त्यातल्या फक्त नक्ष्या घेतल्या. चार वाजेपर्यंत कॉम्प्युटर पुसून नव्याने उभा राहिला, रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसकट. सगळे पासवर्ड तिने लॅपटॉपवरूनच बदलले.

"पण तो आत आला कसा?" काकूंनी विचारलं.

"पुसायच्या आधी मी टिपून घेतलंय. नक्षी काढायचं सॉफ्टवेअर कुणीतरी फुकट उतरवलं, त्याच्याबरोबर आला. बसवताना अँटिव्हायरससुद्धा हाताने बंद केलाय. दोन महिन्यांपूर्वी, नऊ तारखेला, दुपारी."

"नऊ तारखेला मी दवाखान्यात होते," काकू म्हणाल्या. "मोतीबिंदू काढला, डोळ्यावर पट्टी होती."

कॉम्प्युटरचा पासवर्ड काकूंखेरीज आणखी एकाच माणसाला ठाऊक होता. काकूंनी त्या माणसाकडे बघितलं नाही. त्या डब्यातले दोरे सारखे करत राहिल्या.

मालक खुर्चीतून उठले आणि चौघीजणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच बसवलं. जुन्याची मुदत संपली होती, फुकट मिळत होतं. काकू परत आल्यावर 'अपडेट केलंय' म्हणून ठोकून दिलं."

"फुकट ते पौष्टिक, नाही का भाऊजी?" मेहुणीने टोला हाणला.

"आणि चोर काकूंना ठरवलं," मालक म्हणाले. "काकू, चुकलं माझं."

काकूंनी मान हलवली. बोलल्या असत्या तर रडू फुटलं असतं, आणि आज त्यांना मुळीच रडायचं नव्हतं. कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी नवीन नक्षी काढायला घेतली. मागे चौघींची कुजबूज सुरू झाली, तीत पुन्हा काकूंचं नाव होतं, पण आता ते ऐकायला बरं वाटत होतं.

सहा वाजता त्यांनी फाइल जतन केली, पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवला आणि पिशवी उचलली. मालक कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी वाकून बघत होते.

"काकू," ते चाचरत म्हणाले, "ही एक पाकळी वाकडी राहिलीय."

"राहू द्या," काकू दारातून म्हणाल्या. "उद्या येऊन सरळ करते."