ठेवणीतल्या सँडलची धाव

मित्रांनो, मी एक जुनी सँडल आहे, आणि जुनी झाल्याचा मला केवढा आनंद आहे म्हणून सांगू! मी उजव्या पायाची. डाव्या पायाची माझी जुळी बहीण इथेच शेजारी आडवी पडली आहे. ती अबोल, त्यामुळे दोघींच्या वाटणीची बडबड मलाच करावी लागते. एके काळी आमचा रंग पिवळाधमक होता. आता त्याला कुणी मातकट म्हणेल, कुणी राखाडी. सोल झिजून इतका पातळ झाला आहे की खालचा खडा मोठा की छोटा, हे पायाला आधी कळतं. आमची ही दशा पाहून कुणी ‘अरेरे’ म्हणणार असेल, तर जरा दम धरा. ही दशा झाली नसती, तर मी आज खरोखर रडत बसले असते.

आमचा जन्म कारखान्यातला. सोल साच्यातून गरमागरम बाहेर पडला, मग त्यावर पट्टे शिवले. बाहेरून जाड कापड, आतून मऊ अस्तर, टाचेला मोकळी हवा आणि वर सूर्यफुलाच्या आकाराचं चकाकणारं बक्कल. शेवटी आम्ही तपासणाऱ्या बाईंच्या तावडीत सापडलो. त्यांनी माझे पट्टे धरून असे हिसके दिले की मला दिवसा तारे दिसले. सोल तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडेपर्यंत वाकवला. ‘‘चला, पास!’’ म्हणून त्यांनी आम्हाला डब्यात घातलं आणि झाकण लावलं. आता झाकण उघडलं की समोर मैदानच असणार, अशी माझी अगदी खात्री होती. उघडलं तेव्हा समोर दुकानदार काकांच्या मिशा होत्या!

काकांनी मला एकटीला दर्शनी काचेत ठेवलं आणि बहिणीला डब्यासकट वरच्या फळीवर. रस्त्याने जाणारी मुलं काचेला नाक लावून मला बघत. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मग मोठी माणसं यायची, मला उलटसुलट करून बघायची आणि एकच वाक्य बोलायची, ‘‘दिसायला गोड आहे, पण टिकायची नाही.’’ जी दिसायला छान ती कामाला कच्ची, हा शोध कुणी लावला कोण जाणे! माझ्या शेजारी चॉकलेटी बुटांचा एक जोड होता. जाडजूड, काळाकुट्ट सोल, पुढे दगडासारखं कडक टोपण. मी त्याचं नाव रणगाडा ठेवलं होतं. काका त्याच्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘‘मुलं मोठी होतील, पण हा बूट फाटायचा नाही.’’ मी मनातल्या मनात जळायची.

अशाच एका भर दुपारी दुकानात एक मुलगी लंगडी घालत शिरली. लंगडी अशासाठी, की येता येता तिच्या एका चपलेचा पट्टा तुटला होता आणि ती चप्पल तिच्या हातात होती. मागून धापा टाकत तिचे आई-बाबा आले. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती चालत नसे, फक्त पळत असे, आणि सुट्टी लागल्यापासून तिने इतकी पादत्राणं निकालात काढली होती की आई-बाबांनी मोजायचंच सोडून दिलं होतं.

‘‘मला ही! ही पिवळी!’’ भिंगरीने काचेवर बोट आपटलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. समोर येईल ते ओढून, ताणून, हलवून बघायची त्यांना सवयच. त्यांनी माझा पट्टा ओढला, बक्कल खालीवर केलं, सोलवर नख मारलं. आईचं फोटो स्टुडिओचं दुकान. तिने मला एका हातावर धरून डोळे बारीक केले.

‘‘किती सुरेख आहे हो! मामाच्या लग्नात फोटोत काय उठून दिसेल!’’

‘‘फोटोला झकास आहे गं,’’ बाबा म्हणाले, ‘‘पण आपल्या कार्टीला पाय आहेत की चाकं, तूच सांग. एका आठवड्यात खुळखुळा होईल हिचा.’’

‘‘घालून तर बघू दे ना!’’ भिंगरीने रडका सूर काढला.

काकांनी वरून डबा काढला आणि इतक्या दिवसांनी माझी बहीण मला भेटली. आम्ही दोघी भिंगरीच्या पायांत गेलो. मित्रांनो, पहिल्यांदा पाय आत येतो ना, तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला कसं सांगू! उबदार, घामट, बोटं सारखी वळवळणारी दोन पावलं! बक्कल लागतं न लागतं तोच ती सुटली. आरशापासून गल्ल्यापर्यंत, गल्ल्यापासून दारापर्यंत. मधलं स्टूल आलं तर त्याच्यावर चढून पलीकडे उडी! काका ‘‘अगं अगं’’ करत मागे, आई त्यांच्या मागे. माझी एक शिवण हलली असेल तर शपथ!

‘‘बाबा, ह्या आपोआप पळतात!’’ ती ओरडली.

बाबा हसले, पण रणगाड्यावरचा त्यांचा हात काही उठेना. शेवटी घरोघरी निघतो तसा तोडगा निघाला. दोन्ही घ्यायचे. रोजच्या पळापळीला रणगाडा, आणि आम्ही ठेवणीतल्या, लग्नासाठी. भिंगरी आमचा डबा पोटाशी धरून घरी निघाली आणि मी आनंदाने नुसती खिदळत होते. ठेवणीतलं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं!

ठेवणीतलं म्हणजे कपाटाच्या वर, मित्रांनो. आईने आम्हाला पातळ कागदात गुंडाळलं, डबा बंद केला आणि हात पोचणार नाही अशा जागी सारला. लग्न तर पार सुट्टी संपल्यावर होतं. अंधारात मला काकांचं एक बोलणं सारखं आठवायचं. ते सांगत, मुलांचे पाय झोपेतसुद्धा वाढतात. मला धडकीच भरली. ही रोज रात्री झोपणार, हिचा पाय रोज रात्री वाढणार, आणि आम्ही एक पाऊलही न पळता तिला लहान होणार! मग आमचं काय? नवेपणीच म्हातारपण.

पण खाली त्याहून वाईट चाललं होतं. डब्यात दिसत नसलं, तरी ऐकू सगळं यायचं. रणगाडा चावत होता. पहिल्या दिवशी टाच लाल झाली, दुसऱ्या दिवशी फोड आला, मग तो फुटला. बाबा म्हणायचे, ‘‘नवीन आहेत, थोडे चावणारच. सैल होतील आपोआप.’’ पण तो कसला सैल होतोय! रणगाडाच तो. आणि सुट्टीतल्या शिबिरात शेवटच्या दिवशी रिले होती. खेळाच्या ताईंनी भिंगरीला शेवटचा टप्पा दिला होता, कारण सगळ्यांत जोरात तीच पळायची. मैदानावर बारीक खडी आणि चटका बसेल असं ऊन, त्यामुळे अनवाणी पळायला ताईंची सक्त मनाई. भिंगरी बूट घालून दोन दिवस लंगडत गेली, मग सरावाला जाईनाशी झाली.

घर एकदम शांत झालं. पहिल्या दिवशी सगळे खूश होते. ‘‘आज एक भांडं पडलं नाही हो,’’ आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीच दोनदा विचारून गेली, ‘‘भिंगरे, खेळायला नाही जायचं?’’ तिसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले आणि दारातच थांबले, कारण धावत येऊन त्यांच्या पोटावर आदळणारं कुणी नव्हतं. भिंगरी म्हणे खिडकीत गुडघ्यांना मिठी घालून बसली होती.

‘‘पाय दुखतोय का बाळा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. मला पळायला आवडतच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ताईंना सांगा, शेवटी दुसरी कुणीतरी घ्या.’’

हे ऐकून मी डब्यात अशी तडफडले म्हणून सांगू! मी वर, ती खाली, मधे एक कपाट, आणि मला ना हात ना आवाज. चावणाऱ्याला रोज पायात घालतात आणि जिला पळायचं आहे तिला कागदात गुंडाळतात, याला काय म्हणावं? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

रिलेचा दिवस उजाडला. शिबिराच्या समारोपाचे फोटो काढायचं काम आईकडेच होतं. कॅमेऱ्याची बॅग कपाटावर, आमच्या मागे. आईने स्टुलावर चढून बॅग ओढली आणि बॅगेबरोबर आमचा डबाही धाडकन खाली आला. झाकण एकीकडे, कागद एकीकडे, आणि आम्ही दोघी थेट भिंगरीच्या पुढ्यात! ती जमिनीवर बसून टाचेची पट्टी उगाच उचकटत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. आपल्याला मिळणार नाहीत, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

आई खाली उतरली. काय तिच्या मनात आलं कोण जाणे, तिने मला उचलून भिंगरीच्या पायात घातलं आणि पुढून अंगठ्याने दाबून पाहिलं. मग पुन्हा दाबलं. पुढे उरली होती जेमतेम नखभर जागा.

‘‘अहो, ऐकलंत का? लग्नापर्यंत ह्या बसणारच नाहीत हिला.’’

बाबा दाढी करता करता आले. ‘‘अगं, पण त्या खडीत एका दिवसात वाट लागेल त्यांची.’’

आईने भिंगरीच्या टाचेकडे पाहिलं. माझा मऊ पट्टा त्या जखमेच्या बराच वरून जात होता. तिचा आवाज एकदम चढला.

‘‘लागू दे वाट! सँडल आहे, काचसामान नाही. आपण पोरीला जपायचं सोडून बुटांना जपत बसलोय. ऊठ भिंगरे!’’

भिंगरी उठली की उडाली, मला सांगता येणार नाही. बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मागे पळाले!

मैदानावर पोचलो तेव्हा पहिला टप्पा सुरू झाला होता. ताईंनी भिंगरीला बघितलं आणि काही न विचारता तिच्या जागेवर ढकललं. आजवर ऐकलेली सगळी ‘टिकायची नाही’ एकदम आठवली. मी खरंच कच्ची निघाले तर? पोरगी तोंडावर आपटेल, आणि पुन्हा म्हणेल मला पळायला आवडत नाही. आमच्या संघाची काठी मागे पडत पडत आली, भिंगरीच्या हातात टेकली आणि आम्ही सुटलो!

काय ते पळणं, मित्रांनो! खडी उडतेय, धूळ डोळ्यांत, बक्कल खणखणतंय, बहीण आणि मी आळीपाळीने हवेत! हवेत असताना पोटात जो गोळा येतो ना, त्यासाठी मी पुन्हा साच्यातून निघायला तयार आहे. वळणावर तिने सगळा भार माझ्यावर टाकला. पट्टा ताणला, शिवण करकरली, एक दोरा तुटल्याचं मला स्पष्ट कळलं. मला दात असते तर खाल्ले असते. धर, धर, धर! आणि धरलं मी! वळण पार झालं, ती एकीला मागे टाकून गेली, मग आणखी एकीला. शेवटची रेघ आली, गेली, आणि भिंगरी थांबलीच नाही. तशीच पुढे, झाडाला वळसा, पाण्याच्या पिंपाला वळसा, अख्ख्या मैदानाला आणखी एक फेरी. ताई शिट्टी वाजवून थकल्या. आमचा संघ कितवा आला? खरं सांगू, भिंगरीने विचारलंच नाही.

बाबांनी तिला कसंबसं गाठलं. आधी तिला पाणी पाजलं आणि मग गुडघ्यावर बसून माझा पट्टा ओढून पाहिला. सवय! ‘‘अगं, तुटली नाही की गं ही!’’ ते इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारचे दचकले. त्या दिवशी आईने काढलेला भिंगरीचा फोटो पार हलला. चेहरा म्हणजे नुसती रेघ. आयुष्यभर लोकांना ‘हलू नका’ म्हणणाऱ्या त्या बाईने तोच फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत आम्ही एक दिवस घरात बसलो नाही. झाडावर चढलो, भिंतीवरून उड्या मारल्या, सायकलला ब्रेक नव्हते तेव्हा ब्रेकही झालो. सुटलेली शिवण बाबांनी जाड दोऱ्याने स्वतः घातली, जरा वेडीवाकडी, पण पक्की. मामाच्या लग्नात भिंगरीच्या पायात काय होतं, ते मला ठाऊक नाही. तोवर तिची टाच आमच्या बाहेर गेली होती. आम्ही वेळेत पळून घेतलं, एवढं मात्र खरं. माझ्या तळाला हात लावून बघा. पाच बोटांचे पाच खळगे आहेत तिथे. ते भिंगरीचे आहेत.

तेव्हा मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. चिखल लागला तर धुवा, सावलीत वाळवा, बक्कल न काढता पाय उपसू नका, शिवण उसवली तर फेकण्याआधी एकदा दोरा घालून बघा. नवीन जोड घेताना दुकानात नुसते उभे राहू नका, पळून बघा. काका ओरडले तर ओरडू देत. पण काळजी घ्यायची म्हणून आम्हाला उचलून वर ठेवू नका. आम्ही वाट बघू हो, आम्हाला वेळच वेळ आहे. तुमच्या पायांना मात्र थांबता येत नाही. तुमच्या घरी कपाटावर असाच एखादा डबा आहे का? मग माझी बडबड काय ऐकत बसलात! बाहेर ऊन पडलंय, उतरवा तो खाली.