गावाला पाठ दाखवायची न्हाय

उमरगा तालुक्यातल्या कडबेवाडीला एसटी सुरू झाली ती महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. पहिल्या दिवशी गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं होतं. ते काम सरपंच माणिकप्पांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. टाचा उचलून, हात ताणून ते तोरणाची गाठ मारायला गेले आणि मागून त्यांचं धोतर टर्रकन फाटलं. हलगी जोरात वाजत होती, म्हणून आवाज कुणाला ऐकू गेला नाही. माणिकप्पा झटकन वळले आणि गाडीला पाठ लावून उभे राहिले.

"चढा सरपंच, पहिला मान तुमचा," लोक म्हणाले.

आता काय करणार? माणिकप्पांनी गावाकडं तोंड ठेवूनच हात जोडले आणि पाठमोरे, चाचपडत, एकेक पायरी वर चढून आत गेले.

त्यांच्यामागं धुळाप्पा दुकानदार होता. तो जरा घुटमळला. मग वळला, हात जोडले आणि उलटा चढला. त्याच्या मागचा उलटा चढला. तिथून पुढं गाडी भरेपर्यंत सगळे उलटेच चढले.

आठवडाभरात त्याला कारणही सापडलं. गाव सोडताना गावाला पाठ दाखवायची न्हाय. म्हातारे गोरोबा तर सांगू लागले, "माजा आज्जाबी आसाच चढायचा."

"तुमच्या आज्ज्याच्या टायमाला मोटार कुठं हुती?" कुणीतरी विचारलं.

"मोटार न्हवती. रीत हुती."

शरणप्पाच्या आईचा पाय मुरगळला. एका दूधवाल्याची घागर पायरीवर सांडली. तरी लोक उलटेच चढत राहिले. कंडक्टर पहिल्यांदा ओरडायचा, "अहो, सरळ चढा की!" पुढं पुढं तो दारात उभा राहून येणाऱ्याची पाठ धरून आत ओढायला लागला आणि एक दिवस त्या स्टॉपवर तो स्वतःही उलटा चढला.

अशा वेळी तुळजापूरचे विष्णुपंत गावात शिक्षक म्हणून बदलून आले. पहिल्याच शनिवारी ते पिशवी घेऊन ताडताड सरळ गाडीत चढले. आतल्या एका बाईनं आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं. जागा रिकामी होती, पण कुणी सरकेना. विष्णुपंत मुरूम गावापर्यंत दांडीला धरून उभे राहिले. पुढच्या शनिवारी ते उलटे चढले. लगेच दोघांनी "या गुरुजी" म्हणून जागा दिली.

ती जागा त्यांना टोचली. घरी त्यांनी पत्नीला, शारदेला, सांगितलं, "हे बंद करायचं. लोकांना समजावून सांगितलं की लोक ऐकतात."

ते घरोघर गेले. धुळाप्पा दुकानात कुणी नाही असं बघून म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू का? मला तर हे खुळेपणाचं वाटतंय. पर लोकान्ला पटंल का?" शरणप्पा म्हणाला, "म्या तर आज सोडतो. बाकीच्यांचं बघा." गोरोबासुद्धा कानाशी लागून म्हणाले, "आज्ज्याचं म्या आपलं बोलायचं म्हणून बोललो."

शेवटी विष्णुपंत सरपंचांकडं गेले. माणिकप्पांनी दार लावून घेतलं.

"धोतर फाटलं हुतं, गुरुजी," ते म्हणाले. "दुसरं कायबी न्हाय. पर आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"याच तोंडानं सांगा. चावडीवर सभा घेऊ. तुम्ही बोललात की सगळे सुटतील."

माणिकप्पांना हायसं वाटलं. "व्हय, सांगतोच," ते म्हणाले.

सभेला सगळा गाव आला. विष्णुपंतांनी प्रस्तावना केली आणि माणिकप्पा उठले. त्यांनी समोर पाहिलं. सगळे चेहरे गंभीर. कुणी हसत नव्हतं, कुणी मान हलवत नव्हतं. धुळाप्पा जमिनीकडं बघत होता. माणिकप्पांनी घसा खाकरला.

"गावाला," ते म्हणाले, "पाठ दाखवायची न्हाय."

मग धुळाप्पानं हात वर केला. शरणप्पानं केला. गोरोबांनी दोन्ही केले. साऱ्या चावडीवर हातच हात. ही रीत हवी म्हणणारे एवढे हात बघून विष्णुपंत थक्क झाले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आपलाही हात वर आहे. तो कधी गेला, ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी तो विषय सोडला. उलटं चढण्यात ते चांगले तरबेज झाले.

मग एका बाजारच्या दिवशी रांग लागलेली असताना गजराबाई धावत आली. तिची लेक शिवकांता मुरूमला बाळंतपणात अडली होती, निरोप नुकताच आला होता. "सरका, सरका!" करत ती रांग मोडून पुढं घुसली आणि सरळ गाडीत चढली. तिचं गाठोडं खाली राहिलं. ते उचलून शेजारीण गंगम्मा तिच्यामागं सरळ चढली. दोघीजणी सरळ चढलेल्या बघून धुळाप्पा घुटमळला. मग त्यानं धोतराचा सोगा वर धरला आणि सरळ चढला. शरणप्पा सरळ चढला. गोरोबांना तर दोघांनी सरळच उचलून आत ठेवलं. माणिकप्पा इकडं तिकडं बघून पोरासारखे टुणकन आत गेले.

विष्णुपंत रांगेच्या शेवटी होते. ते रीतीप्रमाणं गावाकडं तोंड करून, हात जोडून, मागं मागं सरकत होते. पाठीमागं काय चाललंय ते त्यांना दिसण्याचं कारणच नव्हतं. पायरीला टाच लागली. ते चाचपडत वर आले.

"गुरुजी," कंडक्टर म्हणाला, "उलटे काय चढताय? पडाल की!"

विष्णुपंत वळले. सगळी गाडी त्यांच्याकडं बघत होती.

"शिकल्याली माणसं," गोरोबा म्हणाले, "काय करतील, नेम न्हाय."

"पण ही तर तुमचीच रीत!" विष्णुपंत म्हणाले.

"कसली रीत?" धुळाप्पानं विचारलं. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "आमी तर कायम सरळच चढतो."

विष्णुपंतांनी माणिकप्पांकडं पाहिलं. माणिकप्पा खिडकीबाहेर बघत होते. कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, मग सगळी गाडी हसायला लागली. विष्णुपंत दांडीला धरून उभे होते. त्यांचे कान तापले होते. आणि बघता बघता तेही मोठ्यानं हसायला लागले.

एकटी गजराबाई हसत नव्हती. "अवो, गाडी हलवा की!" ती ओरडली. "माजी लेक अडलीय तिकडं!"

कंडक्टरनं घंटी दिली.