अकरा सेकंद रिकामं दार

गंजलेल्या डब्याचं झाकण तंत्रज्ञ मुलीनं चमच्याच्या टोकानं उचकटलं, तसा मावशींचा हात आपसूक पर्सकडे गेला. पर्समधून पांढरे सुती हातमोजे निघाले. चित्रपटांची निगेटिव्ह कापायचं-जोडायचं काम सोडून बारा वर्षं झाली होती. पण जित्याची खोड, दुसरं काय!

डब्यावर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती : 'गोंद सांडला. निरुपयोगी.'

"मावशी, हाच ना तो चेहऱ्याचा तुकडा?"

"हाच."

त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या भयपटात एक बाई स्वयंपाकघरात एकटी भांडी घासत असते. तिच्या पाठीमागचं दार अर्धवट उघडं असतं. ते दार अकरा सेकंद नुसतं दिसत राहतं. कोणी येत नाही, जात नाही. नळाची टपटप मध्येच थांबते, एवढंच. तेवढ्यावर दोन पिढ्यांची बोबडी वळली होती.

खरं तर त्या दारात भुताचा चेहरा दिसायचा होता. पण निगेटिव्ह जोडणाऱ्या मुलीनं नेमक्या त्याच तुकड्यावर गोंद सांडला. सेट मोडून झालेला, प्रदर्शनाला आठ दिवस उरलेले. नाइलाजानं दार रिकामं ठेवावं लागलं. "एका धांदरट पोरीनं माझं भलं केलं!" हा किस्सा दिग्दर्शक प्रत्येक व्यासपीठावर सांगत आणि सभागृह हसत असे. त्या पोरीला त्याच संध्याकाळी हाकलून दिलं होतं, पुढं दोन वर्षं तिला कोणी दारात उभं केलं नव्हतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत निघत होती. एक्याऐंशी वर्षांचे दिग्दर्शक काठी घेऊन स्वतः आले होते. गोंदाचे डाग संगणकावर पुसता आले, तर चेहरा परत बसवायचा, असा त्यांचा हट्ट होता. तुकडा कुठून कुठं जोडायचा हे फक्त मावशींना ठाऊक होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. डब्यात काय आहे हेही फक्त त्यांनाच ठाऊक होतं. चेहरा परत बसला की चित्रपट गेला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मुलीनं तुकडा यंत्रात घातला. पडद्यावर चेहरा आला.

"अगं बाई! सर, हा तर धडधाकट आहे. गोंदाचा टिपूससुद्धा नाही."

दिग्दर्शकांनी खुर्ची सावकाश वळवली.

"गोंद कुठंय?"

"सांडलाच नव्हता, साहेब."

"म्हणजे?"

"सेट मोडेपर्यंत थांबले. मग तुम्हाला सांगितलं." मावशींनी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बोट केलं. "चेहरा दिसला की डोळा निवांत होतो. कशाला भ्यायचं ते कळतं, आणि कळलं की भीती संपली. रिकाम्या दारात माणूस आपलं आपणच शोधत बसतो. हे सांगायला मी दोनदा आले होते. तुम्ही म्हणालात, हात चालव, तोंड नको."

दिग्दर्शक पडद्याकडे वळले. मग मुलीला म्हणाले, "दोन्ही दृश्यं लाव. आधी चेहऱ्याचं."

बाई भांडी घासू लागली. टपटप थांबली. दारात पीठ फासल्यासारखा चेहरा डोकावला, आणि मुलीला फस्सकन हसू फुटलं.

"सॉरी, सर."

"दुसरं लाव."

तीच बाई, तेच दार. टपटप थांबली. सहाव्या सेकंदाला मुलीनं पाय खुर्चीवर ओढून घेतले. नवव्या सेकंदाला, हे दार शेकडो वेळा पाहिलेल्या दिग्दर्शकांनी मान वळवून खोलीच्या दाराकडे बघितलं. ते बंद होतं.

मुलीनं दिवा लावला.

"चेहरा घालायचा का, सर?"

"नको."

"आणि ही चिठ्ठी? खोटी आहे ना, बदलते."

"राहू दे. अक्षर चांगलं आहे तिचं."

मावशींनी गुंडाळी पूर्वीसारखीच डब्यात ठेवली, झाकण दाबलं आणि हातमोजे काढायला घेतले. एकेक बोट सोडवत होत्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी मनगटानं पुसले.

"पुढच्या महिन्यात पहिला खेळ आहे," दिग्दर्शक म्हणाले. "सगळे मला तोच किस्सा विचारतील. तू ये. आता तो तू सांगायचा."

"मला नाही जमायचं, साहेब," मावशी म्हणाल्या. "मला हात चालवायची सवय."

दिग्दर्शकांनी मान खाली घातली. मग काठी टेकत उठले, खोलीचं दार स्वतः उघडलं, बाहेर एकदा नीट बघून घेतलं, आणि बाजूला होऊन मावशींना आधी वाट दिली.