काकांचा डोंगर

डोंगराच्या पोटातल्या त्या प्रयोगशाळेत आकाशातून येणारा अदृश्य कणांचा मारा पोचत नसे. तो वरच्या खडकातच अडे. म्हणून तर ताऱ्याच्या गाभ्यात अणुकेंद्रं जुळतात तशी इथे मुद्दाम जुळवून, त्याची बारीकशी खूण टिपता येई. दिवसभरात अशा चार-दोन खुणा मिळाल्या तरी धाकटी हरखून जायची. गटात सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. तीन वर्षं तिने या मोजणीसाठी जिवाचं रान केलं होतं आणि यंत्रं फक्त हा आठवडाभर तिची होती. पुढे दुसऱ्या गटाची पाळी.

नेमकं सोमवारी दुपारी मोजणीयंत्र पिसाळलं. खुणांचा नुसता भडिमार. तिने तारा तपासल्या, बाहेरचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटा नव्याने रचल्या. यंत्रांची देखभाल करणारे काका त्या दिवशी उशिराच आले होते. तिचं उतरलेलं तोंड बघून शेजारी स्टूल ओढून धीर देत बसले.

ते चहाला गेले आणि भडिमार थांबला. परत आले, पुन्हा सुरू. धाकटीने त्यांना मुद्दाम पाना आणायला पिटाळलं. पुन्हा शांत.

"काका, सकाळी कुठे होतात?"

"स्क्रू आणायला."

"स्क्रूवाल्याने सुई टोचली का?"

काकांनी कान पकडले. हृदयाची तपासणी होती, त्यासाठी शिरेत किरणोत्सारी औषध भरलं होतं. काट्यांवरचा चमकता रंगही किरणोत्सारी असतो, म्हणून आल्यागेल्याला घड्याळं बाहेर काढायला लावणारा हा माणूस, स्वतःच आत चालत आला! काकूला मात्र कळू देऊ नकोस, अशी गयावया त्यांनी चालवली. पण हायड्रोजनचा झोत सोडणारं मोठं यंत्र काकूच चालवत, आणि त्या दारातच उभ्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ठणठणीत आहे म्हणाले."

"मग तोंड कशाला लपवता? चला, वर उन्हात बसा. औषध उतरेपर्यंत खाली पाऊल टाकायचं नाही."

दोन दिवस काका वरून फोन करकरून विचारत राहिले, "आता गप्प आहे का गं?" गप्प होतं. शनिवारी पडद्यावरच्या आलेखात, हवा होता तिथेच, इवलासा उंचवटा उभा राहिला. काकूंनी धाकटीला पोटाशी धरलं.

धाकटीही आता निवृत्त झाली. काकूंच्या स्वयंपाकघरात तो आलेख अजून आहे. सोमवारचा भाग कापायचा नाही, असा काकूंचाच हट्ट होता. पाहुण्यांना त्या बोट ठेवून सांगतात, "हा चिमुकला ताऱ्याचा. आणि हा एवढा डोंगर आमच्या ह्यांचा."